चिपाडातील दुसरी साखर आणि मिठाचे साहाय्य

कार्तिक महिना उजाडला, की सोलापूर जिल्ह्यातील रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतील ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. रसाची साखर होते, मळी आसवनीकडे जाते आणि उरलेले चिपाड बॉयलरमध्ये जळते. ऊस पिळून निघाला, की त्यातील साखर संपली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चिपाड जिभेला गोड लागत नाही. तरीही त्याच्या कोरड्या वजनाचा बराच मोठा भाग साखरेच्याच कणांनी बांधलेला असतो. ही दुसरी साखर मोकळी करून तिच्यापासून उद्योगांना लागणारी रसायने कशी मिळवितात, त्या कामी साधे मीठ कोणते साहाय्य करते, आणि तेच मीठ शेतकऱ्याच्या जमिनीपासून दूर का ठेवले पाहिजे, याचा विचार प्रत्येक ऊसउत्पादकाने आणि गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने करणे अगत्याचे आहे.

दुसरी साखर कोठे असते?

सोलापूरकडील माळवदाचे घर डोळ्यांसमोर आणावे. खांब आणि तुळया हा घराचा सांगाडा; त्यांच्यामधील पोकळी भरून काढणारी माती; आणि सर्वांवर घट्ट बसलेला गिलावा. वनस्पतीच्या काष्ठमय भागाची रचना अशीच असते. तिच्यातील तुळया म्हणजे सेल्युलोज, मधली भरणी म्हणजे हेमिसेल्युलोज आणि गिलावा म्हणजे लिग्निन. यांपैकी पहिले दोन्ही पदार्थ साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या आहेत. सेल्युलोजची साखळी तुटली म्हणजे ग्लुकोज मिळते. हेमिसेल्युलोज तुटले म्हणजे मुख्यत्वे झायलोज, म्हणजेच काष्ठशर्करा मिळते. चिपाडाच्या कोरड्या वजनात हेमिसेल्युलोजचा वाटा साधारणपणे चौथा हिस्सा असतो. दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसांत तो त्याहूनही अधिक असतो.

ग्लुकोज आणि झायलोज यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. ग्लुकोजच्या कणात कार्बनचे सहा अणू असतात, झायलोजच्या कणात पाच. आसवनीत मळी आंबविणाऱ्या नेहमीच्या किण्वाला, म्हणजे यीस्टला, सहा कार्बनांची साखर खाता येते. पाच कार्बनांची साखर त्याला पचत नाही. म्हणून झायलोजच्या बाबतीत किण्वनाचा जुना मार्ग तसाच्या तसा उपयोगी पडत नाही, आणि रसायनाचा मार्ग धरावा लागतो.

क्षाराची मदत घेण्याची कल्पना मात्र आसवनीलाही नवी नाही. किण्वाच्या वाढीसाठी नत्र व स्फुरद लागते आणि ते मळीत पुरेसे नसल्यास अमोनियम सल्फेट किंवा डायअमोनियम फॉस्फेट यांसारखे क्षार अल्प प्रमाणात घालतात. शेतात पिकाला जे खत, तेच टाकीत किण्वाला अन्न. तेथे क्षार जिवंत किण्वाचे पोषण करतो. झायलोजच्या रासायनिक मार्गात त्याचे काम वेगळे असते.

कोंड्यावरून नाव मिळालेला पदार्थ

झायलोज आम्लयुक्त पाण्यात कडक तापविले, की त्याच्या प्रत्येक कणातून पाण्याचे तीन कण निघून जातात आणि फरफ्युरल नावाचा तेलकट, उग्र गोडसर वासाचा द्रव तयार होतो. जर्मन रसायनज्ञ डोबेरायनर यांना हा पदार्थ दुसरेच रसायन तयार करीत असताना सापडला आणि १८३२ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कोंडा, भुसा, लाकूड अशा नाना पदार्थांपासून तो मिळतो असे दिसून आले. लॅटिन भाषेत कोंड्याला ‘फरफर’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. १९२२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात क्वेकर ओट्स या कंपनीने ओटच्या टरफलांपासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. न्याहारीचे धान्य सोलून उरलेल्या टरफलांचे काय करावे, हा त्या कंपनीपुढील प्रश्न होता. आपल्याकडे कारखान्याच्या आवारात चिपाडाचे डोंगर उभे राहतात तेव्हा पडणारा प्रश्न त्याहून फार निराळा नाही.

फरफ्युरलचे उपयोग अनेक आहेत. वंगणतेलातील नको असलेले घटक काढून टाकण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांना ते लागते. त्यापासून फरफ्युरिल अल्कोहोल तयार करतात आणि त्याची राळ ओतशाळांत साच्याची वाळू घट्ट धरून ठेवण्यासाठी वापरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे अमेरिकेत नायलॉनचा एक कच्चा मालही फरफ्युरलपासून तयार केला जात असे. आज जगातील फरफ्युरलचा मोठा वाटा चीनमध्ये, मुख्यतः मक्याच्या रिकाम्या कणसांपासून, तयार होतो. उसाच्या चिपाडापासून ते काढण्याचे कारखाने डोमिनिकन प्रजासत्ताकातील ला रोमाना आणि दक्षिण आफ्रिकेतील सेझेला येथे साखर कारखान्यांना जोडून उभे राहिले. म्हणजे साखर कारखान्याच्या आवारात हा उद्योग नांदू शकतो, याचा पडताळा पूर्वीच मिळालेला आहे.

जुन्या पद्धतीतील उणीव

जुन्या पद्धतीत चिपाड सौम्य गंधकाम्लाने भिजवून बंद पात्रात भरतात आणि त्यात दाबाखालील वाफ सोडतात. हेमिसेल्युलोज तुटते, झायलोज तयार होते, त्याचे फरफ्युरल होते आणि वाफेबरोबर ते बाहेर पडते. तत्त्वाने १५० किलो झायलोजपासून ९६ किलो फरफ्युरल व ५४ किलो पाणी मिळाले पाहिजे. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच उत्पादन हाती लागते.

उरलेले कोठे जाते? गुऱ्हाळावर काम केलेल्या माणसाला याचे उत्तर लवकर समजेल. काहिलीतील पाक योग्य वेळी उतरविला नाही, तर गूळ करपतो. फरफ्युरलचेही तसेच आहे. ते तयार झाल्यावर गरम आम्लात थांबून राहिले, तर स्वतःशी आणि शिल्लक साखरेशी संयोग पावून काळ्या, डांबरासारख्या गाळात रूपांतरित होते. यासाठी दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. साखरेचे फरफ्युरल त्वरेने व्हावे, ही पहिली; आणि झालेले फरफ्युरल गरम आम्लातून लगेच बाहेर काढावे, ही दुसरी. या दोन्ही कामी मीठ उपयोगी पडते.

मीठ काय साधते?

रसायनशास्त्रात क्षार हा शब्द व्यापक आहे. खाण्याचे मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोराइड, खत म्हणून वापरले जाणारे अमोनियम सल्फेट हे सर्व क्षारच होत. पाण्यात विरघळल्यावर त्यांचे विद्युत्भारित कण सुटे होतात आणि प्रत्येक कण आपापल्या गुणाप्रमाणे कार्य करतो. साखरेच्या रूपांतरात क्षारांची कामे मुख्यतः तीन प्रकारची आहेत.

पहिले काम वेग वाढविण्याचे. हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की सौम्य आम्लात क्लोराइडचे कण असले म्हणजे झायलोजचे फरफ्युरल अधिक वेगाने व अधिक प्रमाणात होते. पाणी सोडून देण्यापूर्वी साखरेच्या कणाला आपली आतील मांडणी बदलावी लागते. तो बदल क्लोराइडमुळे सुकर होतो. साध्या मिठातील क्लोराइडही हे काम करते.

दुसरे काम तयार माल बाहेर ढकलण्याचे. साबण तयार करताना कढईत मीठ टाकले, की साबण पाण्यातून सुटून वर तरंगतो, हे अनेकांनी पाहिले असेल. मीठ पाण्याला आपल्याकडे ओढून घेते. मग इतर पदार्थांना विरघळण्यासाठी पाण्यात जागा उरत नाही. त्याच न्यायाने खाऱ्या पाण्यातील फरफ्युरल पाणी सोडून शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या द्रावकात निघून जाते आणि काळवंडण्यापासून वाचते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स डुमेसिक यांच्या गटाने २००७ साली फळातील साखरेवर, म्हणजे फ्रुक्टोजवर, हाच उपाय योजला. पाणी मिठाने तृप्त केल्यामुळे त्यावरील ब्युटेनॉलचा थर वेगळा राहिला आणि फरफ्युरलच्या जातीचा, हायड्रॉक्सिमेथिल फरफ्युरल नावाचा पदार्थ त्या थरात गोळा झाला. पुढे त्यापासून द्रव इंधन तयार करण्याचा मार्गही त्यांनी दाखविला. याच पदार्थापासून बाटल्यांसाठी लागणाऱ्या नव्या प्लास्टिकचा कच्चा मालही तयार करता येतो.

तिसरे काम धातूंच्या क्षारांचे. ग्लुकोज ही हटवादी साखर आहे. तिचे सरळ रूपांतर होत नाही. आधी तिचे फ्रुक्टोज करून घ्यावे लागते. ॲल्युमिनियम आणि क्रोमियम यांचे क्लोराइड हे परिवर्तन घडवून आणतात. २००७ सालीच अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी, कमी तापमानाला द्रव होणाऱ्या एका विशेष क्षारात क्रोमियम क्लोराइड घालून, ग्लुकोजपासून हायड्रॉक्सिमेथिल फरफ्युरलचे सुमारे ७० टक्के उत्पादन मिळविले. परंतु क्रोमियमसारखा जड धातू सांडपाण्यात उतरणे इष्ट नाही. म्हणून ॲल्युमिनियमसारख्या तुलनेने सौम्य धातूंकडे संशोधकांचे लक्ष वळले.

या सर्वांहून वेगळा मार्गही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१२ साली उसाच्या चिपाडासह शेतातील इतर अवशेषांवर घन आम्लांचा प्रयोग करून पाच कार्बनांची साखर आणि फरफ्युरल मिळविल्याचे प्रसिद्ध केले. घन आम्ल गाळून परत वापरता येते. क्षाराची वाट आणि घन आम्लाची वाट या दोन्ही, कमी गाळ व अधिक माल या एकाच मुक्कामाकडे जाणाऱ्या आहेत.

हिशेब कसा पडतो?

१०० टन ऊस गाळला म्हणजे सुमारे २८ ते ३० टन ओले चिपाड निघते. त्यात निम्मे पाणी असते. कोरडे चिपाड १४ टन धरावे. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेतीन टन, हेमिसेल्युलोज. तत्त्वाने त्यापासून सुमारे अडीच टन फरफ्युरल मिळावे. जुन्या पद्धतीने त्याच्या निम्मे, म्हणजे सव्वा टन हाती येईल. क्षारांच्या साहाय्याने हे प्रमाण जितके वाढेल, तितका तोच ऊस अधिक मोल देईल. फरफ्युरल काढून उरलेला चोथा वाया जात नाही. तो वाळवून बॉयलरमध्ये जाळता येतो.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चिपाड आज रिकामे पडून नाही. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि अनेक कारखाने त्यापासून वीजही निर्माण करतात. हेमिसेल्युलोज काढून घेतले, की जळणाचा तेवढा भाग कमी होतो. शिवाय फरफ्युरलच्या जुन्या पद्धतीत वाफ फार लागते. एक टन मालामागे वीस-तीस टन वाफ खर्ची पडते. क्लोराइडमुळे साधे पोलादच काय, गंजरोधक पोलादही खड्डे पडून खराब होते. त्यामुळे पात्रे महागड्या मिश्रधातूंची किंवा काचेचे अस्तर दिलेली घ्यावी लागतात. मीठ स्वस्त असते. मीठ सोसणारे भांडे स्वस्त नसते.

नीरेच्या खोऱ्याचा धडा

मिठाविषयी बोलताना सोलापूर जिल्ह्याला एक गोष्ट विसरता येणार नाही. नीरेचा कालवा आला आणि कोरडवाहू माळावर ऊस उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकात माळीनगर व श्रीपूर येथे साखर कारखाने निघाले आणि पुढे उजनी धरणाच्या पाण्याने या पिकाचा विस्तार भीमेच्या दोन्ही तीरांवर झाला. परंतु पाण्याबरोबर क्षारही आले. नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० सालीच मुंबई इलाख्याच्या कृषि खात्यातर्फे प्रसिद्ध केला होता. पाण्याचा निचरा नाही, भूजल वर येते, पाणी उडून जाते आणि पांढरा फुलोरा जमिनीवर राहतो, हे दृश्य आजही कालव्याच्या लाभक्षेत्रातील अनेक शिवारांत पाहावयास मिळते.

काळ्या जमिनीला खाण्याचे मीठ विशेष घातक असते. मिठातील सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटते. माती ओली असता चिखलासारखी सुटते आणि वाळली म्हणजे दगडासारखी होते. निचरा बंद पडतो, मुळांना हवा मिळत नाही आणि जमीन चोपण बनते. ती सुधारण्यासाठी जिप्सम, चर आणि भरपूर गोडे पाणी लागते; आणि गोड्या पाण्याचीच या जिल्ह्यात वाण आहे.

आता तुलना पाहावी. ओलितासाठी जेमतेम चालणाऱ्या पाण्याच्या १,००० लिटरमध्ये सुमारे एक किलो क्षार असतो. मिठाने तृप्त केलेल्या १,००० लिटर पाण्यात ३०० किलोंहून अधिक मीठ असते. असे पाणी ओढ्यात सोडले गेले, तर ते कोणाच्या विहिरीत उतरेल हे सांगता येणार नाही. म्हणून जे मीठ पात्रात साहाय्यक ठरते, ते पात्रातच फिरत राहिले पाहिजे. माल वेगळा काढल्यावर उरलेले खारे पाणी पुन्हा पुढच्या घाण्याला वापरावे, आणि शेवटी जे टाकावयाचे ते आटवून मीठ परत मिळवावे, हाच मार्ग सुरक्षित होय. ज्या योजनेत ही तजवीज नाही, ती योजना कागदावर कितीही लाभदायक दिसली, तरी तिचा खर्च शेजारच्या शेतकऱ्याच्या जमिनीला भरावा लागेल.

कोणता माल द्यावा, कोणता देऊ नये?

वनस्पतीतील साखरेला मोल आहे हे कळल्यावर शेतातील काडी न् काडी विकून टाकण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. मालदांडी ज्वारीचा कडबा हा या जिल्ह्यातील जनावरांचा आधार आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला एम ३५-१ हा वाण इतका काळ टिकला, त्याचे कारण भाकरीइतकेच कडब्यातही आहे. दुष्काळी वर्षात कडब्याची किंमत कोणत्याही रसायनाहून अधिक ठरते; म्हणून कडबा या कामी देऊ नये. उसाचे पाचटही शेतातच ठेवावे. खोडव्यात ते सरीत पसरले, तर ओल टिकते, तण कमी होते आणि जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते.

मक्याची दाणे काढलेली कणसे, घरच्या जळणापलीकडे उरलेल्या तुराट्या आणि कारखान्याच्या गरजेहून अधिक असलेले चिपाड यांचा विचार करण्यास हरकत नाही. असा माल माती न लागलेला, कोरडा आणि पावसापासून झाकलेला असावा. व्यवहार मात्र कोरड्या वजनावर व्हावा. एक क्विंटल मालात ३० टक्के ओल असेल, तर प्रत्यक्ष माल ७० किलोच असतो. ही वजावट कशी धरली जाते, हे विक्रीपूर्वीच ठरवून घ्यावे.

फरफ्युरल घरी किंवा गुऱ्हाळावर करून पाहण्याचा पदार्थ नव्हे. ते विषारी व ज्वालाग्राही असून त्याच्या वाफेने डोळे व श्वासनलिका यांस इजा होते. शिवाय ही क्रिया दाबाखालील पात्रात, १५० अंश सेल्सिअसच्या वर चालते. हे काम प्रशिक्षित माणसांचे व सुसज्ज कारखान्याचे आहे.

विचारावयाचे चार प्रश्न

अशा उद्योगाचा प्रस्ताव गावासमोर किंवा कारखान्याच्या सर्वसाधारण सभेसमोर आला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभासदांकडून पुढील चार प्रश्न अवश्य विचारवून घ्यावेत.

१. खारे पाणी कोठे जाणार? ते पुन्हा वापरण्याची व आटविण्याची यंत्रणा पहिल्या दिवसापासून आहे काय?

२. परिसरातील विहिरींच्या पाण्याची व जमिनीची क्षारता उद्योग सुरू होण्यापूर्वी तपासून नोंदविली आहे काय? पूर्वीची नोंद नसेल, तर पुढे नुकसान सिद्ध करता येत नाही.

३. चिपाडाचा काही भाग काढून घेतल्यावर कारखान्याच्या जळणाची तूट कशी भरून निघणार?

४. वाढलेल्या उत्पन्नात ऊसउत्पादकाचा वाटा कोणता? साखरेबरोबर मळी, चिपाड व प्रेसमड यांच्या मूल्यातही ऊसउत्पादकाला हिस्सा मिळावा, ही शिफारस रंगराजन समितीने २०१२ साली केलेली आहे. चिपाडाचे मोल वाढले, तर त्या वाढीची नोंद हिशेबात स्पष्ट दिसली पाहिजे.

यांपैकी दुसरा प्रश्न तर कोणत्याही कारखान्याची वाट न पाहता आजच हाती घेता येण्यासारखा आहे. प्रत्येक गावातील पाच-दहा विहिरींचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा मृद व जल चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, त्याची विद्युतवाहकता वहीत नोंदवावी आणि ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी. या कामास खर्च थोडा येतो. उद्योग येवो अथवा न येवो, ती वही उसाच्या, द्राक्षाच्या व डाळिंबाच्या बागाईतदाराला दरवर्षी उपयोगी पडेल.

एका उसात दोन साखरा आहेत. पहिली साखर शेतकऱ्याने ओळखली आणि तिच्या बळावर माळावर कारखाने उभे केले. दुसरी साखर मोकळी करण्याची विद्या आता हाती येत आहे. पहिल्या साखरेच्या मागे लागताना पाण्याचा निचरा विसरला गेला आणि त्याची किंमत नीरेच्या खोऱ्याने मोजली. दुसऱ्या साखरेच्या वेळी मिठाचा हिशेब आधी मांडावा आणि नफ्याचा नंतर.